सम्राट निदान ‘आम्ही’ म्हणायचे

सुमेधा,

तू जाऊन अठरा दिवस झाले, आणि एवढ्यात आपल्या मंडळाने तुला कोविड योद्धा करून टाकलंय. गंमत करत नाहीये. ग्रुपवर तुझा निळ्या स्कार्फमधला फोटो आहे, खाली पणतीचं चित्र, आणि त्याखाली लिहिलंय की रुग्णांची अहोरात्र सेवा करणाऱ्या डॉ. सुमेधा आपल्याला सोडून गेल्या, मंडळाचा एक निरोगी अवयव गळून पडला. निरोगी अवयव. मला आधी हसू आलं, कारण तू हे वाचून किती हसली असतीस ते डोळ्यासमोर आलं. मग फोन पालथा ठेवला. खाली साठ-सत्तर जणांनी हात जोडलेत. ही बाई कुठल्या हॉस्पिटलात होती, असं एकानेही विचारलेलं नाही.

तू आयुष्यात कुणाला साधी पॅरासिटामॉल दिली नाहीस. नावामागे डॉक्टर लागलं त्या वर्षापासून इथली, आयर्लंडमधल्या गॉलवेतली निम्मी मराठी मंडळी तुला बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारायची. तू सांगून सांगून थकलीस, की बाबांनो, मी सोळाशे वर्षांपूर्वी मेलेल्या लोकांची डॉक्टर आहे. लोक हसायचे, आणि मग गुडघ्याचं विचारायचे. तुझा विषय काय हे मी माझ्या आईला फोनवर समजावून सांगितलं होतं: रोमचे शेवटचे-शेवटचे सम्राट आपल्या कायद्यांत आणि फर्मानांत रोग, औषध, वैद्य हे शब्द कसे आणि कुणासाठी वापरायचे. आई म्हणाली, म्हणजे हाडवैद्य का? हे तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस की तुझ्या आईला माझ्या परीक्षकांपेक्षा जास्त कळलंय.

आता मला हे असं लिहायला कुणी सांगितलं ते सांगते. आपले अध्यक्ष, अनिलदादा. परवा फोन आला. मंडळाच्या ऑनलाइन अंकात तुझ्यावर पानभर मजकूर हवाय, सचिव म्हणून मीच लिहावा, कारण ‘तुझी भाषा फार सुबक आहे’. सुबक. हा शब्द ऐकून मी फोन ठेवला आणि किचनच्या कपाटातून मोठा मग काढून त्यात चहा केला आणि तो न पिता ओतून दिला. माझ्या भाषेचा सुबकपणा कुठे वापरला गेला हे त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि तुला ठाऊक होतं. बाकी कुणाला नाही. म्हणजे अठरा दिवसांपूर्वी तिघांना माहीत होतं, आता दोघांना, आणि दोघांच्यात ते अगदी सुखरूप राहील. याचीच मला किळस येतेय.

पहिल्या लॉकडाऊनमधलं तुझं व्याख्यान आठवतं ना? झूमवर, महाराष्ट्र दिनाच्या आसपास. तयारी आपण फोनवर केली होती, कारण तुला मराठीतून बोलायचं होतं आणि शब्द मी पुरवणार होते. राज्य हे शरीर, सम्राट हा वैद्य, कायदा हे औषध, इथपर्यंत सगळं सोपं गेलं. मग त्या लॅटिन शब्दाशी अडलो ज्याचा मूळ अर्थ नुसता स्पर्श, अंगाला अंग लागणं. राजाला न पटणाऱ्या पंथाच्या लोकांना शहराबाहेर काढताना कायद्यात हा शब्द यायचा. मी लगेच म्हटलं, संसर्ग. तू म्हणालीस, विटाळ.

मी म्हटलं विटाळ फार जातीचा वाटतो. तू म्हणालीस, वाटतो कशाला, आहेच. त्या राजाच्या डोक्यात जंतू नव्हते, त्याला जंतू ठाऊकच नव्हते. त्याला ते लोक घाण वाटत होते आणि लागट वाटत होते. मी हट्ट धरला की समोर शंभर लोक जेवायच्या वेळी बसणार आहेत, संसर्ग बरा. अर्धा तास आपण भांडलो. शेवटी तू दोन्ही शब्द वापरलेस, आणि विटाळ म्हणालीस तेव्हा तीन-चार कॅमेरे बंद झाले. अनिलदादांनी मात्र शेवटपर्यंत मान डोलावली. कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, म्यूट करा म्हणून तू दोनदा सांगितलंस.

त्या दिवशी तू एक गोष्ट बोललीस ती मी वहीत लिहून ठेवली होती, नंतर तुला चिडवायला. तू म्हणालीस, या कायद्यांत वैद्य आहे, औषध आहे, सुरीसुद्धा आहे, फक्त रोगी नाही. ज्याला बरं करायचं असा माणूसच नाही. माणूस हाच रोग आहे, आणि तो गेला की बरं वाटतं ते राज्याला. आभार मानताना अनिलदादा म्हणाले की सुमेधाताईंनी फार चांगलं मार्गदर्शन केलं, कठीण काळात नेतृत्वाला कठोर उपचार करावेच लागतात. तू मला प्रायव्हेट मेसेज केलास: ‘ह्यांनी नक्की कुणाचं व्याख्यान ऐकलं?’ मी हसण्याचं चित्र पाठवलं. तेव्हा ते खरंच फक्त हसण्यासारखं होतं.

मग गणपती आले. हॉल बंद, घरात गर्दी नको, म्हणून आपल्या या पन्नास-साठ घरांच्या ग्रुपने, ज्याला आपण हौसेने मंडळ म्हणतो, ठरवलं की आठ जणींनी घरी उकडीचे मोदक करायचे आणि डबे दारोदार पोचवायचे. कविताने सगळ्यात आधी नाव दिलं. कविता म्हणजे नर्सिंग होममध्ये, इथल्या वृद्धाश्रमात, केअर असिस्टंटचं काम करणारी, नवऱ्याबरोबर शहराच्या पूर्वेकडे राहणारी. मंडळाच्या कार्यक्रमाला यायची ती मागच्या रांगेत बसायची आणि निघताना खुर्च्या उचलायची. एप्रिलमध्ये तिच्या नर्सिंग होममध्ये साथ आली होती आणि तिलाही कोविड झाला होता. दोन आठवडे खोलीत काढून ती बरी झाली, कामाला लागली, म्हाताऱ्यांना भरवायला, त्यांचं हगमूत काढायला. ऑगस्ट उजाडेपर्यंत त्याला चार महिने होऊन गेले होते.

अनिलदादांचा मला व्हॉइस मेसेज आला. त्यांचे शब्द असे होते: ‘वर्षा, लोकं म्हणतायत कविताच्या हातचे मोदक नकोत. तू जरा नीट शब्दांत काहीतरी टाक ग्रुपवर. कुणाला लागणार नाही असं.’

आणि मी टाकलं. मी क्वालिटीत काम करते, सुमेधा. हृदयात घालायच्या नळ्या ज्या प्लांटमध्ये बनतात तिथे मी चौदा वर्षं कागद लिहितेय. संशयित माल वेगळा काढून जाळीच्या कपाटात ठेवतात, त्यालाही आम्ही क्वारंटाइनच म्हणतो, महामारीच्या कितीतरी आधीपासून. चूक कुणी केली हे न सांगता चूक झाली हे कसं लिहायचं, यावर माझं पोट आहे. मला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ‘सर्वांच्या आरोग्याचा विचार करता, तसेच डॉ. सुमेधा यांनी आपल्या व्याख्यानात केलेल्या मार्गदर्शनानुसार, संसर्गाची शक्यता असलेल्या घटकांना काही काळ प्रसादाच्या कामापासून दूर ठेवावे असे ठरवण्यात आले आहे.’ तुझं नाव घाल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी घातलं. डॉक्टरचं नाव असलं की कुणी प्रश्न विचारत नाही, हे मला लोक तुला विचारायचे त्या गुडघ्यांवरून आणि बीपीवरून चांगलं ठाऊक होतं.

घटक तेवढा एकच निघाला. सुपरमार्केटच्या काउंटरवर दिवसभर उभी राहणारी मोदक करू शकत होती. चार दिवसांपूर्वी विमानाने आलेला दीर ज्यांच्या घरी होता त्याही करू शकत होत्या. कविताने तासाभरात ‘ओके ग्रँड, थँक यू’ असं लिहिलं आणि रात्रीच्या आत ती ग्रुपमधून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी तू मला सॉल्टहिलला बोलावलंस. आपण नेहमीसारखे समुद्राच्या कडेने चालत गेलो, टोकाला पोचलो, आणि इथल्या प्रथेप्रमाणे सगळे मारतात तशी भिंतीला लाथ मारून मी परत फिरायला लागले. तू मारली नाहीस. भिंतीपाशी उभी राहून तू विचारलंस, हे कुणी लिहिलं. मी म्हटलं समितीने. तू म्हणालीस, समितीला ‘घटक’ लिहिता येत नाही. मग मी कबूल केलं. मला वाटलं तू ओरडशील, पण तू वर्गात बोलावं तशी बोललीस.

‘माझे सम्राट निदान आम्ही म्हणायचे गं,’ तू म्हणालीस. ‘आम्ही हुकूम देतो, आम्ही यांना काढतो. खाली नाव, वर नाव. तू लिहिलंस ठरवण्यात आले. कोणी ठरवलं, वर्षा?’

मी म्हटलं, मी फक्त शब्द दिले, आणि संसर्ग हा साधा वैद्यकीय शब्द आहे. तू म्हणालीस, लिहिलंस तू संसर्ग, पण वाचलं सगळ्यांनी विटाळ. चार महिन्यांपूर्वी बरी झालेल्या बाईच्या हातचं खायचं नाही याला दुसरा शब्द मला दाखव. मग तू अगदी हळू विचारलंस, तिचं आडनाव जोशी असतं तर ही नोटीस निघाली असती का? मी म्हटलं, हो, निघाली असती. तू चालायला लागलीस. परतीच्या वाटेवर आपण पावसाबद्दल बोललो.

तू ग्रुपवर लिहिलंस. मी वैद्यकीय डॉक्टर नाही. माझ्या व्याख्यानात मी याच्या बरोबर उलट बोलले होते. माझं नाव काढा. अनिलदादांनी ‘ताई, गैरसमज नसावा’ म्हणून नमस्कार टाकला आणि त्याखाली आरत्यांचे व्हिडिओ सुरू झाले, तुझा मेसेज दहा मिनिटांत वर निघून गेला. इतका वर गेला की सात महिन्यांनी त्याच लोकांनी तुला पुन्हा डॉक्टर करून, पेशंट देऊन, मारलं. मजकूर मी लिहिला ही गोष्ट तू मुद्दाम लिहिली नाहीस. मला म्हणालीस, ते तू लिहायचंय. मी म्हटलं, वातावरण निवळू दे, दिवाळीनंतर लिहिते. दिवाळीनंतर म्हटलं, ख्रिसमस होऊ दे. जानेवारीत पुन्हा सगळं बंद झालं, रोजचे आकडे इतके भयंकर यायला लागले, की मला मनातून हायसं वाटलं. आता मोदकांचं कोण काढतंय? हो, हायसं वाटलं. तुझ्यापाशी आता काय लपवायचं.

तू ते पुन्हा कधी काढलं नाहीस. फोन यायचे, गप्पा व्हायच्या. तू तुझ्या नव्या लेखातलं सांगायचीस, की तोच वैद्याचा शब्द एखाद्या धर्मगुरूच्या पत्रात किती मऊ होतो, तिथे रोगी असतो, त्याची वाट बघणं असतं. ‘म्हणजे शब्दाचा दोष नाही,’ असं तू एकदा म्हणालीस आणि थांबलीस. मी तिथे बोलायला हवं होतं. तू जागा करून दिली होतीस. मी विचारलं, पुऱ्यांची कणीक कशी मळतेस.

मग तो मंगळवार. शेजारच्या ब्रीदाने खिडकीतून बघितलं, तू किचनमध्ये खाली पडली होतीस. मेंदूत रक्तस्राव, कुणी काही करू शकलं नसतं, असं हॉस्पिटलातली डॉक्टर मला सांगत होती, खरी डॉक्टर. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. साताऱ्याला तुझे आईवडील टॅबलेटसमोर बसले होते, आई मध्येच विचारत होती की आवाज का येत नाही. तुझी गाडी घरापासून निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं अंतर ठेवून उभी होती, इथे आता अशीच पद्धत पडलीय. ब्रीदा, विद्यापीठातले, पोस्टमन. अनिलदादा आणि समिती झूमवर होते. कोपऱ्यावर, बस स्टॉपशी, कविता होती, कामाच्या निळ्या ट्यूनिकवर कोट घातलेला. दहांत तिचं नाव नव्हतं. यादी मी केली होती.

मी गाडीत होते, मागच्या कारमध्ये. आमची नजर मिळाली. मी काच खाली केली नाही. दहा माणसांत बसून, हातात फुलं घेऊन, मी तुझ्याबरोबर क्लेअरमधल्या दहनगृहापर्यंत गेले आणि सगळ्या वाटेवर मला माझ्या स्वतःच्या अंगाची घाण वाटत होती.

तर इथपर्यंत लिहून झाल्यावर काल मी ग्रुपवर लिहिलं. सुबक काही नाही. सुमेधा वैद्यकीय डॉक्टर नव्हती, तिने एकही पेशंट बघितला नाही, आणि आपल्यातल्या ज्या बाईने पेशंट बघितले तिला आपण काढलं. ऑगस्टची नोटीस मी लिहिली. सुमेधाचं नाव खोटं वापरलं, तेही मी. अनिलदादांनी मला वेगळा मेसेज केला की हे दुखवट्याच्या दिवसांत शोभत नाही. दोघं ग्रुपमधून गेले. एकीने मला फोन करून रडत सांगितलं की तिला तेव्हाच लाज वाटली होती. तेव्हा का बोलली नाहीस, हे तिला विचारायचा अधिकार मला नव्हता.

तेही मग या पानात जोडलं. आणि आज सकाळी कविताला फोन लावला. मी पाठ केलं होतं. म्हटलं, ती नोटीस मी लिहिली होती, मला माफ कर.

ती म्हणाली, ‘माहीत आहे ताई. सुमेधाताईंनी नाव नाही सांगितलं तुमचं. पण कळतं ना.’

मागून ट्रॉलीचा आवाज येत होता, ती ब्रेकवर होती. तिनेच मग सांगितलं. नोटीस आली तेव्हा तिचे मोदक वाफेवर होते. एकवीस. टाकून द्यावेत की नवऱ्याच्या डब्यात घालावेत हे कळेना म्हणून ती तशीच बसून राहिली, आणि तासाभराने तू दारात उभी होतीस. ओट्याशी उभं राहून तू सात खाल्लेस, वर तूप मागून घेतलंस, आणि उरलेल्यांतले चार डब्यात घालून नेलेस. म्हणजे सॉल्टहिलला माझ्याशी बोलायला आलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी. मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. तुझ्या चांगुलपणाचा हिशेब माझ्यापुढे मांडायचा नव्हता तुला, की माझ्यावर तेवढाही भरवसा उरला नव्हता, हे आता मला कधीच कळणार नाही.

मी कविताला सांगितलं की तुझ्यावर लिहितेय, त्यात नोटिशीचं सगळं आहे, अध्यक्षांचं, मंडळाचं, सगळ्यांचं. तिने ऐकून घेतलं. मग तिने एकच विचारलं.

‘तुम्ही खाल्ले असते का, ताई? नोटीस राहू दे बाजूला. मी तुमच्या घरी डबा आणला असता तर?’

मला ‘हो’ म्हणता आलं असतं, ओठावर आलंच होतं. पण मी आठवून बघितलं, अनिलदादांचा तो मेसेज ऐकताना मला पहिलं काय वाटलं होतं ते. राग आला नव्हता. कीव आली नव्हती. तिचे ते हात आणि ती उकड डोळ्यासमोर आली होती आणि शिसारी आली होती, आणि मग, बरं झालं कुणीतरी बोललं, असं वाटलं होतं. मी म्हटलं, नाही.

पलीकडे तिने कुणाला तरी, आले, म्हणून सांगितलं. 

‘मग ते लिहा,’ कविता म्हणाली. ‘ते लिहिलंय का त्यात?’

नव्हतं लिहिलं, सुमेधा. मंडळ होतं, अध्यक्ष होते, तुझे सम्राट होते, लोक म्हणत होते ते सगळं होतं. आता लिहिते. मी तिच्या हातचे मोदक खाल्ले नसते. मला विटाळ वाटला होता.